केरळ राज्य पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट एकाचा आणि सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक दुसराच, असं का?

तुमचा प्रश्न असा की ज्याचा चित्रपट सर्वोत्कृष्ट ठरला त्यालाच दिग्दर्शनाचा पुरस्कार का मिळत नाही, आणि ज्युरी सगळ्यांना खूश ठेवायला बक्षिसं वाटून टाकते का. फिल्म सोसायटीतल्या मंडळींशी याच मुद्द्यावर माझी कायम खडाजंगी होते, म्हणून स्पष्टच लिहितो. हे दोन पुरस्कार वेगवेगळ्या हातांत जाणं हेच योग्य आहे.

आधी व्यवहार बघा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे दोन लाख रुपये निर्मात्याला मिळतात आणि तेवढेच दिग्दर्शकालाही. सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाला दोन लाख, शिल्प आणि प्रशस्तिपत्र. म्हणजे चित्रपट जिंकणारा दिग्दर्शक रिकाम्या हातानं घरी जात नाही, त्याचा मान झालेला असतो. दुसरा पुरस्कार निव्वळ दिग्दर्शनाचा आहे. विषय किती मोलाचा, चित्रपट किती गरजेचा, हे तिथे मोजायचंच नसतं.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण २०१७ चं. चित्रपटाचा पुरस्कार राहुल रिजी नायर यांच्या ‘ओट्टमुरी वेलिच्चम’ला मिळाला. एका खोलीचं घर, नवी नवरी आणि लग्नाच्या आडोशानं होणारा बलात्कार. हा चित्रपट निवडणाऱ्या ज्युरीबद्दल मला आदरच आहे. दिग्दर्शनाचा पुरस्कार मात्र लिजो जोस पेल्लिसेरी यांना ‘ई.म.यौ.’साठी. गोष्ट सांगायला एक वाक्य पुरतं: चेल्लानमच्या किनाऱ्यावरचा म्हातारा वावच्चन मरतो, आणि त्याची अंत्ययात्रा थाटात काढायचा शब्द दिलेल्या मुलाची, ईशीची, एका रात्रीत फरफट होते. कागदावर एवढंच. बाकी सगळं दिग्दर्शनानं उभं केलंय. पाऊस, समुद्राचा वारा, बँड, घरात मावत नाहीत इतकी माणसं, संशय घेणारा पाद्री, मध्येच हुंदके देत जुने हिशेब काढणारी वावच्चनची बायको (ती भूमिका करणाऱ्या पॉली वल्सन यांनाही त्या वर्षी राज्य पुरस्कार मिळाला). एकाच फ्रेममध्ये पुढे रडारड आणि मागे भांडण चालू असतं, तरी नजर कुठे ठेवायची हे आपल्याला बरोबर कळतं. ही गर्दी हाताळणं म्हणजे दिग्दर्शन. पी. एफ. मॅथ्यूज यांची पटकथा भक्कम आहे, पण तीच पटकथा दुसऱ्याच्या हातात गेली असती तर सरळसोट विनोदी चित्रपट झाला असता.

केरळची ज्युरी चुकली म्हणणाऱ्यांनी पुढे गोव्यात काय झालं तेही बघावं. २०१८ च्या इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, पणजीला याच चित्रपटासाठी पेल्लिसेरींना दिग्दर्शनाचा रौप्य मयूर मिळाला, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सुवर्ण मयूर गेला दुसऱ्याच चित्रपटाला. २०१९ ला त्यांच्याच ‘जल्लिकट्टू’च्या बाबतीत अगदी तेच घडलं. केरळात दिग्दर्शन त्यांचं आणि चित्रपट ‘वासंती’. गोव्यात दिग्दर्शन त्यांचं, सुवर्ण मयूर दुसऱ्याचा. देशोदेशीचे परीक्षकही असाच फरक करतात, तर त्याला वाटावाटी कशी म्हणायची?

ही फारकत २०१७ ते २०२३ सलग चालली. २०२० ला ‘द ग्रेट इंडियन किचन’ सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक मात्र ‘एन्निवर’चे सिद्धार्थ शिव. २०२२ ला तर पेल्लिसेरींच्या ‘नन्पकल नेरत्त मयक्कम’ला चित्रपटाचा पुरस्कार आणि दिग्दर्शनाचा ‘अरियिप्पू’साठी महेश नारायणन यांना. अपवाद दोन्ही टोकांना आहेत. २०१६ ला विधू विन्सेंट यांच्या ‘मॅनहोल’नं दोन्ही घेतले, आणि दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. २०२४ ला ‘मंजुम्मेल बॉइज’साठी चिदंबरम यांनी दोन्ही घेतले. तेव्हा फारकत हा काही नियम नाही.

याद्या चाळताना एक गोष्ट हमखास चुकते. वर्ष सेन्सॉर प्रमाणपत्राचं धरतात, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर, प्रदर्शनाचं नाही. ‘ई.म.यौ.’ थिएटरात आला मे २०१८ मध्ये, पुरस्कार २०१७ चा, आणि तो जाहीर झाला मार्चमध्ये, म्हणजे लोकांनी चित्रपट बघण्याआधी. ‘आडुजीवितम’ मार्च २०२४ ला लागला, तरी ब्लेसी यांचा दिग्दर्शनाचा पुरस्कार २०२३ चा. हे लक्षात न घेता लोक भलत्याच वर्षाचे चित्रपट शेजारी ठेवून ‘अन्याय’ म्हणतात.

राजकारणाचं म्हणाल, तर पुरस्कार राज्य सरकारचे आहेत, १९६९ पासून. १९९८ नंतर कारभार चलच्चित्र अकादमीकडे, म्हणजे राज्याच्या चित्रपटविषयक संस्थेकडे. ज्युरी सरकारच नेमतं, त्यामुळे शंका येणारच. २०२० च्या पुरस्कारांपासून आधी दोन प्राथमिक समित्या चित्रपट वाटून घेऊन बघतात आणि निवडक चित्रपट अंतिम ज्युरीपुढे ठेवतात. ज्युरीचे अध्यक्षही बऱ्याचदा केरळबाहेरचे: सुहासिनी मणिरत्नम, सईद मिर्झा, गौतम घोष, सुधीर मिश्रा. तरीही २०२२ च्या निकालानंतर अकादमीच्या अध्यक्षांनी ज्युरीवर दबाव आणल्याचा आरोप झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि याचिका फेटाळली गेली.

आणि हो, ज्युरीचा प्रत्येक निकाल मला पटतो असं नाही. १९७२ ला ‘स्वयंवरम’साठी अडूर गोपालकृष्णन यांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण केरळनं राज्याचा दिग्दर्शनाचा पुरस्कार के. एस. सेतुमाधवन यांना दिला. सेतुमाधवन मोठेच, पण त्या वर्षी मी अडूरनाच दिला असता.