आहाराचा तक्ता आहे, पण तो पाळला का जात नाही?

प्रश्न : माझे वय ४६ असून मी सांगली येथे एका पतसंस्थेत नोकरी करते. गेल्या तपासणीत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातील साखरेची सरासरी दाखवणारा आकडा) ६.१ टक्के आले. ही मधुमेहाची पूर्वावस्था असल्याचे सांगून डॉक्टरांनी वजन कमी करायला व रोज चालायला सांगितले. आहारतज्ज्ञांकडून तक्ताही आणला. परंतु घरच्या लग्नकार्यात तो एकदा सुटला तो सुटलाच. आता भाऊ हेल्थ कोच, म्हणजे सवयी बदलायला मदत करणारा प्रशिक्षक, लावण्याचा आग्रह धरतो आहे. काय खावे आणि काय टाळावे हे मला तोंडपाठ असताना कोच वेगळे काय सांगणार? आणि त्यातून झालेला बदल टिकतो का?

उत्तर : चांगला कोच तुम्हाला फारसे नवे काही सांगणार नाही, कारण तुमचे अडते ते माहितीपाशी नव्हे. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा अमेरिकेतील ‘डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राम’ या मोठ्या अभ्यासात सापडतो. तुमच्यासारख्याच पूर्वावस्थेत असलेल्या ३,२३४ व्यक्ती त्यात होत्या आणि त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध दिले, एका गटाला औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी दिली, आणि तिसऱ्या गटातील प्रत्येकाला जीवनशैलीचा प्रशिक्षक नेमून दिला. वजन ७ टक्क्यांनी घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करणे, एवढीच दोन उद्दिष्टे या तिसऱ्या गटापुढे होती. सुमारे तीन वर्षांत निष्क्रिय गोळीच्या गटाच्या तुलनेत मेटफॉर्मिनच्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी राहिले, तर प्रशिक्षकाच्या गटात ५८ टक्क्यांनी. यातील महत्त्वाची गोष्ट सहसा सांगितली जात नाही : आहार-व्यायामाचा लेखी सल्ला आणि वर्षातून एकदा समजावणीची बैठक गोळ्या घेणाऱ्या गटांनाही मिळाली होती. म्हणजे तुमच्याजवळ आज जे आहे, ते त्यांच्याजवळही होते. पहिल्या २४ आठवड्यांत १६ भेटी आणि त्यानंतरही चालू राहिलेला संपर्क मात्र फक्त तिसऱ्या गटाच्या वाट्याला आला.

आपल्याकडेही हे पडताळून पाहिलेले आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या पथकाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जीवनशैलीतील बदलाच्या पाठपुराव्याने मधुमेहाचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. पुढे २०१३ मध्ये त्यांनी नोकरदार पुरुषांना नियमित मोबाइल संदेश पाठवून पाहिले. संदेश ज्याच्या त्याच्या मानसिक तयारीनुसार बेतलेले होते, आणि दोन वर्षांत तिथे घट ३६ टक्के दिसली.

प्रत्यक्ष भेटीत काय घडते, ते तुमच्याच दिवसावरून पाहू. ‘तुम्ही चालत का नाही?’ असे कोच विचारणार नाही, कारण त्या प्रश्नाला माणूस सबबीच सांगतो. ‘गेल्या आठवड्यात ज्या दिवशी चालणे झाले, त्या दिवशी काय निराळे होते?’ असे तो विचारेल. आठवून पाहताना कदाचित लक्षात येईल की, त्या दिवशी भाजी सकाळीच चिरून ठेवली होती, त्यामुळे कामावरून आल्यावर अर्धा तास मोकळा मिळाला. मग ‘रोज चालेन’ या मोघम संकल्पाच्या जागी ‘सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी भाजी सकाळी चिरून ठेवीन आणि कामावरून आल्यावर चहाच्या आधी २० मिनिटे चालेन’ असे ठरते, आणि ते तुम्ही स्वतः ठरवलेले असते. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी विकसित केलेल्या प्रेरक संवादाच्या पद्धतीचा गाभा हाच आहे : बदलाची कारणे माणसाच्या स्वतःच्या तोंडून यावीत. दुसऱ्याने दटावले की आपण उलट आपल्या जुन्या सवयीचीच बाजू मांडू लागतो, हे आपल्या घरांतून रोज दिसते.

लग्नकार्यात तक्ता सुटला, यात तुमचा काही दोष नाही; त्यानंतरच्या सोमवारी कोणी विचारपूस केली नाही, ही खरी उणीव होती. एकवीस दिवसांत सवय लागते, या समजाने फार नुकसान केले आहे. लंडनमधील संशोधक फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही.

बदल टिकतो का, याचे प्रामाणिक उत्तर असे की तो पुष्कळसा टिकतो, पण पूर्ण नाही. वर सांगितलेल्या अमेरिकी अभ्यासातील लोकांचे पुढे वजन काही अंशी परत वाढले. तरीही दहा वर्षांच्या अखेरीस प्रशिक्षकाच्या गटात मधुमेहाचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमीच होते. म्हणून पहिल्या सहा महिन्यांनंतर भेटी विरळ कराव्यात, पण बंद करू नयेत.

प्रश्न : ऑनलाइन कोच मोठी रक्कम सांगतात, काही जण स्वतःची पावडरही घ्यायला लावतात. निवड कशी करावी? (ठाणे)

उत्तर : हेल्थ कोच म्हणवून घेण्यासाठी आपल्याकडे डॉक्टरांसारखी वैधानिक नोंदणी लागत नाही, त्यामुळे पारख तुम्हालाच करावी लागेल. पहिल्या भेटीत तो जास्त बोलतो की तुम्ही, हे पाहा. प्रशिक्षण कुठे घेतले आणि तुमच्या डॉक्टरांशी संपर्क ठेवणार का, हे स्पष्ट विचारा. जो उत्पादने विकतो, त्याला तुमच्या सवयी बदलण्यापेक्षा विक्रीत रस असू शकतो; त्याच्या वाटेला जाऊ नका. पैसे खर्च करणे शक्य नसेल, तर उपदेश न करता ऐकून घेणाऱ्या एखाद्या मैत्रिणीशी किंवा सहकाऱ्याशी दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी पंधरा मिनिटे बोलण्याचा नेम ठेवा. मात्र इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असेल, तर कोणाच्याही सांगण्यावरून एकाएकी उपवास करू नका किंवा भात-पोळी बंद करू नका. रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, म्हणून आहार बदलण्यापूर्वीच औषधाच्या मात्रेविषयी डॉक्टरांशी बोलून घ्या.