मुलाला आजीकडे ठेवून लंडनला यावं का, आणि घरबसल्या किती वाचता येतं

तू लिहिलंस की व्हिक्टोरियन साहित्यात, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्रजी साहित्यात, एक वर्षाचं एमए करायला लंडनला यायचंय, मुलगा सात वर्षांचा, तो साताऱ्याला आईकडे राहील, तर आधी ऑनलाइन काय वाचून ठेवू. ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते. व्हिसा, फी, टीबी टेस्ट सगळं सरकारी साइटवर आहे, ते सोडते.

'व्हिक्टोरियन वेब' या साइटपासून सुरू कर. दिसायला जुनाट, पण चित्रकला, धर्म, रेल्वे, कारखाने सगळं एकमेकांना जोडलेलं. मग 'डिकन्स जर्नल्स ऑनलाइन', हे मला फार जवळचं. डिकन्सने चालवलेल्या साप्ताहिकांची पानं जशीच्या तशी, फुकट. 22 एप्रिल 1854 चा 'हाउसहोल्ड वर्ड्स'चा अंक उघड. त्यात डिकन्सच्या 'हार्ड टाइम्स' कादंबरीचा हप्ता आहे आणि त्याच अंकात गिरणीत यंत्राला जाळी नसल्यामुळे हातपाय तुटलेल्या, मेलेल्या कामगारांवर लेख आहे. कादंबरी पुस्तकात वाचताना हे शेजारपण कळतच नाही गं. कोर्टातली साधी माणसं ऐकायची तर 'ओल्ड बेली ऑनलाइन', लंडनच्या फौजदारी कोर्टातले 1674 ते 1913 चे खटले. वर्तमानपत्रांचे बरेच संग्रह पैसे मागतात, पण इथल्या पब्लिक लायब्ररीचं कार्ड फुकट असतं आणि त्यावर काही घरून उघडतात. जे आवडेल ते उतरवून ठेव, 2023 च्या ऑक्टोबरात ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला तेव्हा कॅटलॉगसुद्धा कित्येक आठवडे बंद होता.

आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या गरिबीची पाहणी करणाऱ्या चार्ल्स बूथचे नकाशे, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या साइटवर. रस्तोरस्ती रंग, सगळ्यात खालचे काळे, श्रीमंत पिवळे.

मी 2018 ला आले तेव्हा नवरा आणि सहा वर्षांची लेक बरोबर आली, तेव्हा एमएला कुटुंब आणलेलं चालायचं. शाळेत जागा हवी तर पत्त्याचा पुरावा, घर हवं तर बँक खातं, बँक म्हणते आधी पत्त्याचा पुरावा आण, या चक्करमध्ये पोरगी पाच आठवडे घरी बसली. मग शाळा मिळाली तर पुण्यात फाडफाड इंग्रजी वाचणाऱ्या मुलीला त्यांनी न विचारता इंग्रजी न येणाऱ्यांच्या गटात बसवलं, दोन टर्म ती अक्षरओळखीची पुस्तकं घेऊन घरी यायची. मी बाईंना भेटायला गेले आणि मान डोलावून परत आले. त्या रात्री बूथच्या नकाशात त्या शाळेचा रस्ता शोधला, फिका निळा, म्हणजे आठवड्याला 18 ते 21 शिलिंगवाली गरीब कुटुंबं. गिरणीतल्या पोरांवर निबंध लिहिला, चांगले मार्क पडले, स्वतःच्या पोरीसाठी मात्र तोंडातून शब्द निघाला नाही.

एकटेपणाचं विचारलंस. असतो, कामात निघून जातो, त्याच्यासाठी थांबू नकोस.

पण मुलाचं थांबून बघ. 2024 पासून एक वर्षाच्या एमएला मूल आणता येत नाही, पीएचडीला येतं. मी तुझ्या जागी असते तर साताऱ्यातच बसून वर्षभर वरचं सगळं वाचलं असतं, पीएचडीचं प्रपोजल केलं असतं आणि त्याला घेऊन आले असते. हे मी तुझ्यासाठी सांगतेय की माझ्यासाठी, मला नीट कळत नाहीये. लेक आता तेरा वर्षांची आहे, मी मराठीत बोलले की इंग्रजीत उत्तर देते, आणि त्या दोन टर्मबद्दल मी तिला अजून विचारलेलं नाही.