लोहाची गोळी आणि हळदीचं दूध

प्रश्न : ताई नमस्कार, माझं वय ३४, हिमोग्लोबिन ९.८ आलंय. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात. गोळी मी रात्री हळदीच्या दुधासोबतच घेते, दोन्ही कामं एकदम होतात. सासूबाई म्हणतात जिऱ्याचं पाणी पी, रक्त वाढतं. जाऊबाईंनी हळदीच्या कॅप्सूल मागवल्यात, त्याही घेऊ का? आणि आमच्याकडे जेवण एकदम झणझणीत, त्याने काही होतं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : अहो, आधी ते दूध आणि गोळी वेगळं करा बघू! दुधातलं कॅल्शियम लोह शोषायला आडवं येतं, म्हणजे गोळी पोटात जाते पण अंगी किती लागते हा प्रश्नच. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या, दूध दोन-तीन तासांनी प्या, आणि गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, चहा तर दुधापेक्षा वाईट.

जिऱ्यात लोह असतं, सासूबाई अगदीच चुकीच्या नाहीत. पण चमचाभर जिऱ्यात जेमतेम सव्वा मिलिग्रॅम निघतं आणि बाईची दिवसाची गरज आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या हिशोबाने २९ मिलिग्रॅम, त्यातून जिरं गाळून नुसतं पाणी प्यायलं तर काय उरणार. पचनाला बरं वाटत असेल तर प्या खुशाल, रक्ताची आशा ठेवू नका.

हळदीतलं कर्क्युमिन लोहाला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. भाजीतल्या चिमूटभर हळदीने काही बिघडत नाही, पण कॅप्सूलमध्ये ते कितीतरी पटीने असतं, वर बऱ्याच कॅप्सूलमध्ये मिरी घातलेली असते आणि मिरीमुळे कर्क्युमिन जास्तच शोषलं जातं. रक्त कमी असताना या कॅप्सूल नकोच, जाऊबाईंनाही आधी डॉक्टरांना विचारायला सांगा.

आता झणझणीत. २००६ साली थायलंडमधल्या तरुण मुलींवरचा एक अभ्यास आला होता, जेवणात साधारण चार ग्रॅम सुकी मिरची घातली तर लोहाचं शोषण ३८ टक्क्यांनी घटलं आणि त्याच अभ्यासात अर्धा ग्रॅम हळदीने मात्र फरक पडला नाही. चार ग्रॅम म्हणजे चांगले दोन चमचे तिखट, पण तुमच्याकडचा तांबडा रस्सा बघता एका ताटात तेवढं सहज जातं हो! तिखट बंद करा असं मी सांगणार नाही, सांगलीत कोण ऐकणार? थोडा हात आखडा आणि ताटात लिंबू पिळा. बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, फोडलेला कांदा हे तर उत्तमच, म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेने प्रयोगशाळेत तपासलंय की कांदा-लसणामुळे धान्यातलं लोह आणि जस्त शोषायला जास्त मोकळं होतं. 

बी१२ आणि ड जीवनसत्त्वासाठी मात्र मसाल्याच्या डब्याकडे बघू नका, तिथे ते मिळणार नाही, बी१२ आणि फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा) तपासलं नसेल तर तपासून घ्या. आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीत, पाळीत रक्त किती जातं? दर दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांना ते आधी सांगा, जिऱ्याचं नंतर.