पाळी बदलताना हरवणारी माहिती

प्रश्न : चाकणच्या एका कारखान्यात मी पॅकिंग विभागाचा सुपरवायझर आहे. दोन्ही पाळ्यांतील माणसे आपापल्या जागी उत्तम काम करतात. परंतु यंत्र बंद पडले की एकमेकांकडे बोट दाखवतात. दोन सहली काढूनही फरक पडलेला नाही. काय करावे?

उत्तर : सहलीत एका ताटात मिसळ खाल्ली, म्हणून यंत्राची माहिती पुढच्या पाळीला मिळत नाही. उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल काढणाऱ्या फलाटावर १९८८ साली एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढली होती. ते रात्रपाळीला नीट कळले नाही, पंप सुरू झाला आणि त्यातून उद्भवलेल्या दुर्घटनेत १६७ माणसे मृत्युमुखी पडली. तुमच्याकडे जिवाशी गाठ नसेल, पण दोष त्याच जातीचा दिसतो.

पाळी बदलताना दोन्ही प्रमुखांनी दहा मिनिटे यंत्रापाशीच उभे राहून बोलावे आणि नोंदवहीत ‘सर्व ठीक’ असे न लिहिता ‘पाकीट सील करणारी पट्टी जास्त तापते, तापमान दोनदा कमी केले’ असे लिहावे. वाचणाऱ्याचीही सही घ्या. बोनस पाळीनुसार मोजला जात असेल, तर तो दोन्ही पाळ्यांचा मिळून मोजण्याविषयी व्यवस्थापनाशी अवश्य बोला. कारण स्वतंत्र आकड्यापायी घासलेला बेल्ट न बदलता पुढच्या पाळीच्या गळ्यात मारण्याचा मोह चांगल्या कारागिरालाही होतो. सुरुवातीचे काही आठवडे त्या दहा मिनिटांना स्वतः हजर राहा, मात्र मध्ये बोलू नका.