एडीएचडी, औषधांशिवाय: सुरुवात इथून करा

मुलगी 7 वर्षांची, एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) निदान नुकतंच झालेलं, औषधांशिवाय घरी काय करायचं हा प्रश्न, म्हणजे एकदम दहा गोष्टी सुरू करू नका. साखर बंद करायचीही गरज नाही. साखरेने चंचलपणा वाढतो हे अभ्यासांत टिकलेलं नाही.

पहिला महिना फक्त हे:

- सूचना. जवळ जा, नजर मिळवा, एकच काम सांगा. "आवर गं पटकन" हे तिला कळत नाही. "डबा बेसिनमध्ये ठेव" कळतं. मग 5 सेकंद गप्प राहा. तेवढ्यात पुन्हा बोललात तर मोजणी नव्याने.
- तक्ता. फ्रीजवर तीनच कामं लिहा, त्यातलं एक तिला आत्ताही जमणारं असू द्या. काम झालं की त्याच क्षणी टिकली चिकटवा, 3 टिकल्यांवर त्याच संध्याकाळी बक्षीस: गच्चीवर सायकल, बाबांबरोबर कॅरम. रविवारी बक्षीस देऊ म्हणालात की तक्ता मेलाच. मिळालेली टिकली काढून घेऊ नका.
- अभ्यास. वन रूम किचनमध्येही भिंतीकडे तोंड करून बसवता येतं. टीव्ही बंद, 10 मिनिटं टायमर, 3 मिनिटं उड्या. त्याआधी अर्धा तास खाली पळू द्या.

हट्टाकडे दुर्लक्ष सुरू केलं की तो आधी वाढतो. बरेच जण नेमके तिथेच सोडतात.

झोप, डोळे, कान तपासून घ्या. पालक-प्रशिक्षणाची (मुलांचं वागणं कसं हाताळायचं हे पालकांना शिकवतात) चौकशी मुंबईत केईएम, नायर किंवा सायन रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत करा. औषध आधीच चालू असेल तर मनाने थांबवू नका.