वॉरंटी 5 वर्षांची, हप्ता 7 वर्षांचा

नमस्कार सर,

तुमचं पत्र नीट वाचलं. चिपळूणला माध्यमिक शाळेत नोकरी, घरात चार माणसं, महिन्याचा खर्च 42,000, बचत खात्यात 60,000. पहिलीच नवी गाडी, पांढरी, 7 वर्षांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी. शोरूमवाले म्हणतात, 32,000 अधिक जीएसटी भरा, सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर टिकाऊ चकाकता थर, करून देतो, 5 वर्षांची वॉरंटी, पैसे कर्जातच घालू, कळणारही नाहीत. हप्ता फार वाढू नये म्हणून विम्यातली झीरो डेप (भागांची घट न कापता भरपाई) आणि इंजिन प्रोटेक्ट (इंजिनाच्या नुकसानीची भरपाई) ही दोन जादा कव्हर काढायची, तेवढेच 6,200 वाचतील, असं तुमच्या मनात आहे. दुसरीकडे तुमचा मेहुणा सांगतो, बाराशेची सीलंटची, म्हणजे रंगावर लावायच्या संरक्षक लेपाची, बाटली आण आणि घरी लाव. काय करावं, हा तुमचा प्रश्न.

मेहुण्याचं ऐका. आणि विम्याला हात लावू नका. विम्याचं जास्त महत्त्वाचं आहे, पण विचारलंय कोटिंगबद्दल, म्हणून आधी तेच.

18 टक्के जीएसटी धरून कोटिंग पडतं 37,760 रुपयांना. ते कर्जात घातलं की हप्ता वाढतो साधारण 617 रुपयांनी, 84 महिने. म्हणजे फेडायचे जवळजवळ 51,800. तुम्ही सोबत जोडलेल्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात आहे की वॉरंटी टिकवायची तर दरवर्षी त्यांच्याकडेच तपासणी आणि टॉप-अप करून घ्यायचा, 2,000 रुपये. 5 वर्षांत अशा चार फेऱ्या धरल्या तर आणखी 8,000. एकूण साठ हजारांच्या घरात. त्यात मला सर्वांत खटकलं ते हे, की पाचव्या वर्षी वॉरंटी संपेल आणि त्या कोटिंगचा हप्ता पुढे 24 महिने चालूच राहील. नसलेल्या गोष्टीचे जवळपास 14,800 रुपये भरत राहाल.

आता ते विकत काय देतात, ते पाहू. आपल्याकडे ‘पॉलिश मारलं’ हा एकच शब्द दोन उलट्या कामांसाठी वापरतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. खरं पॉलिश रंगाचा वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, किंचित घासून काढतं. वॅक्स आणि सीलंट त्या थरावर आणखी एक पातळ थर बसवतात. क्लिअर कोट असतो साधारण 40-50 मायक्रॉनचा, डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. तो पुन्हा उगवत नाही. म्हणून नव्या गाडीला दर दोन महिन्यांनी ‘रबिंग-पॉलिश’ करून घेणं म्हणजे पैसे देऊन आपलीच संपत्ती घासून टाकणं आहे. बाजारात ‘क्लीनर वॅक्स’ मिळतं, त्यातही घासणारे कण असतात; नव्या गाडीला ते नको.

कार्नौबा वॅक्स ब्राझीलच्या ईशान्य भागात होणाऱ्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून काढतात. त्याची चकाकी खोल, उबदार दिसते, काळ्या किंवा लाल गाडीवर तर फारच सुंदर. पण टिकते महिना-दोन महिने. तुमच्याकडच्या पावसात तेवढीही धरू नका. सीलंट हे प्रयोगशाळेतलं पॉलिमर. चकाकी थोडी काचेसारखी, कोरडी. टिकतं चार ते सहा महिने. सिरॅमिक कोटिंग सिलिकाच्या जातीचं, रंगाला घट्ट चिकटणारं, आणि चांगल्या हाताने लावलं तर खरोखर काही वर्षं टिकणारं. ते फसवं आहे असं मी म्हणत नाही. पण विक्रेत्याने तुम्हाला सांगितलेलं ‘नाइन एच, हिऱ्याच्या खालोखाल कडक’ हे मात्र खरं नाही. नाइन एच हे पेन्सिलच्या शिशाच्या कडकपणाचं माप आहे. ठरावीक दाबाने पेन्सिल फिरवून तिने ओरखडा उठतो का ते पाहतात, एवढीच ती चाचणी. हिऱ्याचं माप वेगळंच, त्याचा याच्याशी संबंध नाही. हा थर एक-दोन मायक्रॉनचा असतो. परशुराम घाटात पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा त्याला विचारणार नाही.

तुमची गाडी पांढरी आहे, हीसुद्धा पैशांची बाब आहे. धुताना पडणारे बारीक गोल ओरखडे गडद रंगावर उन्हात लगेच दिसतात, पांढऱ्यावर फारसे नाहीत. तिन्ही प्रकारांतला चकाकीचा फरकही पांढऱ्यावर सर्वांत कमी कळतो. जो फरक दारातून जाणाऱ्याला दिसणार नाही, त्याच्यासाठी साठ हजार?

मेहुण्याच्या वाटेचा हिशेब असा. बाटली, सौम्य शॅम्पू, दोन बादल्या, चार-सहा मायक्रोफायबर कापडं मिळून पहिल्या वर्षी 3,000 धरा, पुढे वर्षाला 1,500. 5 वर्षांत 9,000. स्वतः करायचं नसेल तर तुम्ही लिहिलेल्या डिटेलिंगवाल्याकडे (गाडीची सफाई-चकाकी करून देणारा) वर्षातून दोनदा सीलंट, 2,500 प्रमाणे, 5 वर्षांत 25,000. तरीही निम्म्याहून कमी. त्यातही मोठा फायदा म्हणजे हा खर्च थांबवता येतो. एखाद्या वर्षी घरात आजारपण आलं तर सीलंट टाळाल, कर्जातलं कोटिंग टाळता येत नाही.

लावायची वेळ महत्त्वाची. पहिला हात मेच्या मध्यावर, वळिवाच्या सरी सुरू होण्याआधी, कारण बहुतेक सीलंटना नीट बसायला बारा ते चोवीस तास कोरडे लागतात. दुसरा दसऱ्याच्या आसपास, पाऊस सरल्यावर. सावलीत, पत्रा गार असताना, अगदी पातळ. जाड थराने काही जास्त टिकत नाही, पुसताना जीव मात्र जातो. गणपतीत गावभर पाहुणे येतील तेव्हा गाडी उठून दिसावी असं वाटलं, तर सीलंटवर वॅक्सचा हात जरूर द्या. क्रम उलटा नको. आधी वॅक्स असेल तर सीलंट रंगाला धरतच नाही.

तुम्ही लिहिलंय की गाडी अंगणात आंब्याच्या कलमाखाली उभी राहणार. रंगाला खरा धोका तिथे आहे. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकट स्राव, नंतर आंब्याचा चीक, वर्षभर पाखरांची विष्ठा. उन्हात तापलेल्या पत्र्यावर हे दिवसभर राहिलं तर क्लिअर कोटवर डाग कोरला जातो, मग वर वॅक्स असो की सिरॅमिक. थर तुम्हाला काही तास जास्त देतो, पुसायचं तुम्हालाच आहे, तेही ओल्या कापडाने. माझे वडील रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी झटकायचे, फार मायेने. लाल मातीची धूळ त्या फडक्याखाली घासून घासून तीन वर्षांत बॉनेट निस्तेज झालं. आधी पाणी, मग कापड, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. आणि जमलं तर गाडी झाडाखालून हलवा, त्याला काहीच खर्च नाही.

आता विमा. सर, तुम्ही चिपळूणमध्ये राहता. 22 जुलै 2021 मी तुम्हाला आठवण करून द्यायला नको. वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचं नुकसान येतं. पण पाण्यात अडकलेली गाडी कुणी चालू करायला गेलं आणि इंजिनाने पाणी ओढलं, तर तो परिणामी तोटा म्हणून दावा सहसा नाकारला जातो. त्यासाठीच इंजिन प्रोटेक्ट. तुमच्या कोटेशनमध्ये ते 1,900 ला आहे. इंजिन गेलं तर बिल लाखात येतं आणि तुमच्याकडे आहेत 60,000. हे कव्हर काढून त्या जागी चकाकी घेणं मला कोणत्याही हिशेबाने पटत नाही.

झीरो डेपचंही तेच. ते नसेल तर प्लास्टिकच्या भागांवर विमा कंपनी निम्मी घट कापते. 9,000 चा बंपर बदलला तर 4,500 तुमच्या खिशातून. शहरात सर्वांत आधी बंपरच जातो. शिवाय आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, ठरते गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या जाहीर किमतीवरून. पहिल्या सहा महिन्यांतच तिच्यात 5 टक्के घट धरतात, चार वर्षं उलटून पाचवं चालू असताना 50 टक्के. कोटिंगवर घातलेल्या पैशांनी ती वाढत नाही. पुढे विकताना घेणारा किलोमीटर, सर्व्हिसची नोंद आणि अपघाताचा इतिहास बघतो. विकण्याआधी एकदा चांगलं पॉलिश करून घेतलंत की चकाकीचं काम भागतं.

मी कोटिंगला हो कधी म्हटलं असतं? गाडी काळी असती, बाराही महिने रस्त्यावर उन्हात उभी असती, धुवायला तुम्हाला अजिबात वेळ नसता आणि पैसे रोख, बाजूला पडलेले असते तर. तेव्हाही शोरूमऐवजी स्वतंत्र, अनुभवी डिटेलरकडे पाठवलं असतं, दर अर्ध्यावर आणायची घासाघीस करून. तुमच्या बाबतीत यातली एकही अट लागू नाही.

ते 617 रुपये दरमहा एका वेगळ्या खात्यात टाका. 60 महिन्यांत व्याज न धरताही 37,020 होतात. कुठे दार घासलं, एखादा पॅनेल रंगवायचा झाला, तर तिथून काढा. नाही लागले तर तुमचे. त्याआधी मात्र आताच्या बचत खात्यातले 60,000 तीन महिन्यांच्या खर्चाएवढे, म्हणजे सव्वा लाखापर्यंत न्या. आज ते दीड महिनाही पुरणार नाहीत.

डिलिव्हरी पुढच्या शनिवारी आहे ना? त्याआधी कोटिंगची ओळ वगळलेला नवा प्रोफॉर्मा (किमतीचा अंदाजी कागद) लेखी मागा आणि बँकेला तोच द्या, म्हणजे कर्जाची रक्कम आपोआप कमी होईल. आणि विक्रेत्याला एक गोष्ट स्पष्ट सांगा: गाडी देण्याआधी धुऊन-पुसून चमकवू नका, आहे तशी द्या. घाईत, एकाच मळक्या फडक्याने दहा गाड्या पुसल्या जातात, आणि नव्या गाडीवरचे पहिले ओरखडे बहुधा तिथेच पडतात. पहिलं पाणी तुम्ही घरी, अंगणात घाला.