सगळी क्रियापदं तुमचीच

प्रश्न: मी हौसेने एअर रायफल चालवतो. नववीतल्या मुलीला पहिल्यांदा रेंजवर नेलं, तेव्हा टेकूवरून मारलेले तिचे पाचही छर्रे नाण्याएवढ्या जागेत बसले. मी तिचा चित्रकलेचा क्लास थांबवला, मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची, आणून दिली. मागे उभा राहून प्रत्येक छर्रा कुठे लागला ते सांगतो. पण उभ्याने मारताना छर्रे विखुरतात, मान दुखण्याची सबब सांगते, तीन आठवडे येतच नाही. नेमबाजीत करिअर करायचं तर अकरावीला कोणती शाखा घ्यावी?

उत्तर: कोणतीही. तिला झेपेल ती.

खटकलं ते वेगळंच. नेलं, थांबवला, आणून दिली, सांगतो. पत्रातली बहुतेक क्रियापदं तुमची. मुलीचं म्हणणं एकच आलंय, मान दुखण्याचं, आणि त्यालाही तुम्ही ‘सबब’ म्हणून मोकळे झालात.

ती सबब नसावी. तिला कोपर काटकोनात वाकवायला सांगा आणि रायफलचा दस्ता, म्हणजे खांद्याला लागणारा मागचा भाग, कोपराच्या आतल्या बाजूला टेकवा. तर्जनी चापापर्यंत सहज पोचते का पाहा. पोचत नसेल तर दस्ता लांब आहे आणि ती मान पुढे ताणून नेम धरतेय. मॅच रायफलचा दस्ता कमी करता येतो, गालपट्टी वर घेता येते. त्यात वजन. नियमाने एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते. नववीतल्या पाठीला ते जड जातं. सध्या टेकूवरच राहू द्या.

डोळाही तपासा. दोन्ही तळव्यांमध्ये छोटी फट ठेवून, हात लांब करून तिने दूरची एखादी वस्तू बघावी, मग एकेक डोळा मिटावा. जो मिटल्यावर वस्तू फटीतून गायब होते, तो प्रबळ. उजव्या खांद्यावर रायफल आणि प्रबळ डोळा डावा असेल, तर खांदा बदलून पाहा किंवा डाव्या डोळ्यापुढे दुधी पट्टी लावा. काळी नको; एका डोळ्यापुढे अंधार केला की दुसऱ्याचीही बाहुली मोठी होते.

आता तो पहिला दिवस. टेकूवरच्या पाच छर्र्यांनी फार तर एवढं कळलं की तिचं बोट चापावर हलकं आहे. स्पर्धेत पात्रता फेरीलाच 75 मिनिटांत 60 मारायचे असतात, तेही उभ्याने. आणि उभ्याने कुणाचीच रायफल थांबत नाही, ऑलिंपिकवाल्यांचीही नाही. 10 मीटरवर दहा गुणांचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. रायफल त्यावर थिजेल म्हणून वाट बघितली की आठ-दहा सेकंदांत नजर धूसर होते, श्वास अपुरा पडतो आणि ‘हाच क्षण’ म्हणत बोट हिसका देतं. हेलकावा चालू असतानाच चाप सावकाश दाबत राहायचं, नाही जमलं तर रायफल खाली घ्यायची. मागे बाप गुण मोजत उभा असताना कोणती पोर रायफल खाली घेईल?

तेव्हा तिला विचारा, यायचंय का. हो म्हणाली तर अर्धा तास, वीस छर्रे, टार्गेट उलटं लावून कोऱ्या बाजूवर. मोजायला काही उरूच नये. शिकवायला दुसरं कुणीतरी. डोळ्यांना चष्मा, नळी कायम टार्गेटच्या दिशेला, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. छर्रे शिशाचे, म्हणून खाण्याआधी हात धुवायचे. चित्रकलेचा क्लास मात्र तिच्या उत्तराची वाट न बघता उद्याच सुरू करा.

नाही म्हणाली, तर दस्ता पुन्हा तुमच्या मापाचा करून घ्या.